गोंडोला वाघीण: माल उतरतो कसा, यावर सगळं ठरतं

मालगाडीच्या वाघिणींमध्ये गोंडोला सगळ्यात साधी मानली जाते. चार-चार चाकांच्या दोन बोग्या (म्हणजे डबे नव्हे, चाकं धरणाऱ्या चौकटी), त्यावर सपाट तळ, चारही बाजूंनी भिंती आणि वर छप्पर नाही. अमेरिकन रेल्वेवर शंभराहून जास्त वर्षं हिने कोळसा, खडी, भंगार, पाइप, पोलादाच्या प्लेटा, रूळ, लाकडाचे ओंडके, अगदी साखरेसाठी पिकवलेलं बीटसुद्धा वाहून नेलं आहे. आपल्याकडे कोळसा नेणारी उघडी बॉक्सएन वाघीण याच कुळातली.

साधी म्हणून लहान प्रमाणातल्या रेल्वेचा नाद असलेली मंडळीही हिच्याकडे जरा दुर्लक्षच करतात. इंजिनावर पैसे आणि वेळ जातो, गोंडोला मात्र खोक्यातून काढली की थेट रुळावर. मला हे उलटं वाटतं. बंद डब्याचं मॉडेल करताना आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, तिथे जाड प्लास्टिक असो की वजनाची पट्टी. गोंडोला वरून सताड उघडी, आणि मॉडेल आपण नेहमी वरूनच बघतो. त्यामुळे काही लपवायला तिच्यात जागाच नाही.

पण मॉडेलकडे वळण्याआधी खरी वाघीण समजून घ्यायला हवी. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: हिच्यातला माल उतरवतात कसा? भरण्याचं काय, वरून ओतलं की भरली. उतरवण्याच्या पद्धतीवर तिचा तळ, भिंती, दारं आणि लांबी हे सगळं ठरत गेलं.

फावडं, झडपा आणि पालथी वाघीण

एकोणिसाव्या शतकातल्या गोंडोला लाकडी होत्या. जाड तुळयांचा सांगाडा, वर फळ्या, आणि भाराने मधोमध झोळ येऊ नये म्हणून खालून ताणलेल्या लोखंडी सळया. या सळया मधल्या पेचाने आवळता येत. माल उतरवायला माणसं आत उतरत आणि फावड्याने बाहेर फेकत. फावडं सहज सरकावं म्हणून तळ सपाट, आणि माल बाहेर फेकता यावा म्हणून भिंती बुटक्या.

इंजिनं ताकदवान होत गेली तशी वाघिणींची क्षमता वाढली आणि लाकूड पुरेना. १८९७ मध्ये शोएन यांच्या कारखान्याने पिट्सबर्ग, बेसेमर अँड लेक एरी रेल्वेला पोलादी हॉपर वाघिणी मोठ्या संख्येने बांधून दिल्या आणि पोलादाचं युग सुरू झालं. हॉपर म्हणजे उतरत्या तळाची वाघीण, खालची झडप उघडली की माल आपोआप घसरून पडतो. कोळशासाठी ही सोय उत्तम. पण उतरत्या तळावर पाइप किंवा प्लेटा ठेवता येत नाहीत. जाताना कोळसा नेलेली हॉपर येताना बहुतेक वेळा रिकामीच परतते, आणि रिकामी धावणारी वाघीण रेल्वेला परवडत नाही.

यावर निघालेला तोडगा म्हणजे झडपांच्या तळाची गोंडोला. अमेरिकन रेल्वेच्या वर्गवारीत हिला जीएस म्हणतात आणि घट्ट तळाच्या गोंडोलेला जीबी. जीएसचा संपूर्ण तळच झडपांचा असतो. मधल्या तुळईला बिजागऱ्यांनी टांगलेल्या या झडपा एरवी सपाट मिटलेल्या असतात. बाजूचा दांडा फिरवला की त्या खाली लोंबतात आणि माल रुळाच्या दोन्ही अंगांना पडतो. झडपा मिटल्या की सपाट तळ परत तयार, मग त्यावर लाकूड ठेवा नाहीतर यंत्रं. अमेरिकेच्या पश्चिम भागात, जिथे अंतरं लांब आणि माल तऱ्हेतऱ्हेचा, तिथे ही वाघीण फार चालली. सदर्न पॅसिफिक रेल्वेने आपल्या जीएस गोंडोलांच्या भिंतींवर फळ्यांची वाढीव उंची चढवून कॅलिफोर्नियात बीट वाहिलं. या म्हाताऱ्या वाघिणी १९९०च्या दशकाच्या तोंडापर्यंत कामावर होत्या.

तिसरा मार्ग वाघीण सरळ उलटी करण्याचा. ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी टोलेडो आणि सँडस्की बंदरांत अजस्र यंत्रं उभी राहिली. कोळशाने भरलेली वाघीण ती उचलत, कुशीवर कलंडवत आणि सगळा कोळसा थेट जहाजात ओतत. अशा ठिकाणी तळाला झडपा हव्यात कशाला? उलट प्रत्येक झडप म्हणजे गळतीची आणि दुरुस्तीची जागा. आधी यासाठी प्रत्येक वाघीण गाडीपासून सोडवावी लागे. पुढे फिरता कपलर, म्हणजे दोन वाघिणींना जोडणारा पण स्वतःभोवती फिरू शकणारा आकडा, आला आणि गाडी जोडलेलीच ठेवून एकेक वाघीण गोल फिरवता येऊ लागली. फक्त कोळशासाठी धावणाऱ्या आजच्या उंच भिंतींच्या गोंडोलांमध्ये फिरता कपलर कोणत्या टोकाला आहे ते लांबून कळावं म्हणून ते टोक वेगळ्या रंगात रंगवतात. मॉडेल करताना एखाद्याने पूर्ण गाडीतल्या वाघिणींची रंगीत टोकं एकाच दिशेला ठेवली नसतील, तर जाणकाराच्या ते चटकन नजरेत येतं.

बुटक्या भिंती का?

पोलाद कारखान्यांच्या गोंडोला लांबलचक आणि बुटक्या असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एवढी जागा असताना भिंती उंच का नाही केल्या? याचं उत्तर साध्या हिशेबात आहे.

साडेबावन्न फुटांची, ७० टनांची गोंडोला घेऊ. हा अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलोचा. तेव्हा भार झाला साधारण साडेत्रेसष्ट हजार किलो. तिच्या तळाचं क्षेत्रफळ जवळपास ४६ चौरस मीटर. एवढ्या वजनाच्या पोलादी प्लेटा तळावर सपाट पसरल्या तर थर होतो १७-१८ सेंटीमीटरचा. वीतभरही नाही! त्याच वजनाचा कोळसा भरला तर थर दीड मीटरच्या वर जातो. पोलादाच्या बाबतीत जागा संपायच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा संपते. मग उंच भिंती म्हणजे फुकटचं ओझं, शिवाय क्रेनने प्लेटा उचलताना मध्ये येणार ते वेगळंच.

अशा गोंडोलांची टोकं पुष्कळदा आतल्या बाजूला पाडता येतात. रूळ किंवा खांब वाघिणीपेक्षा लांब असले तर टोकाची भिंत खाली पाडायची, मालाचं टोक बाहेर येऊ द्यायचं आणि पुढे एक रिकामी सपाट वाघीण जोडायची. तिच्यावर भार नसतो, फक्त वरून लोंबणाऱ्या मालाला जागा मिळते.

आणखी एक बारकावा, जो मॉडेलमध्ये फार कामाला येतो. पोलादी माल प्रवासात सरकू नये म्हणून त्याच्याभोवती लाकडी ठोकळे तळाला खिळ्यांनी ठोकत. त्यासाठी तळ लाकडीच हवा, म्हणून भिंती पोलादी झाल्या तरी तळाला फळ्या कितीतरी वर्षं टिकून राहिल्या. पुढे खिळे ठोकता येतील असा खाचांचा पोलादी तळही निघाला. माल उतरवल्यावर हे ठोकळे काढायची तसदी बहुधा कुणी घेत नसे. रिकाम्या गोंडोलेत तुटके ठोकळे, वाकडे खिळे, मालाला बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची भेंडोळी असं काहीबाही पडलेलंच असायचं.

दोन महायुद्धं

डिसेंबर १९१७ मध्ये अमेरिकन सरकारने रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या. त्यासाठी नेमलेल्या युनायटेड स्टेट्स रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजेच यूएसआरएने, मोजक्या ठरावीक नमुन्यांच्या वाघिणी प्रचंड संख्येने बांधून घेतल्या. तोवर प्रत्येक रेल्वेचं स्वतंत्र डिझाइन असे. यूएसआरएच्या यादीतली ५० टनांची मिश्र बांधणीची गोंडोला सुमारे २०,००० बांधली गेली आणि वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांना वाटली गेली. भार पेलणारा सांगाडा पोलादाचा, भिंतीच्या फळ्या लाकडाच्या. सांगाडा बाहेरून दिसतो, उभे खांब आणि त्यांच्यामध्ये तिरक्या पट्ट्या. रेल्वेच्या पुलाचा सांगाडा असतो तशीच ही रचना, कारण भिंत इथे नुसता आडोसा नाही, ती वाघिणीला मधोमध वाकण्यापासून वाचवते. मला विचाराल तर आजवरच्या सगळ्या गोंडोलांमध्ये हीच देखणी.

दुसऱ्या महायुद्धात पोलाद रणगाड्यांना आणि जहाजांना हवं होतं. युद्ध उत्पादन मंडळाने पोलादाच्या वापरावर निर्बंध घातले आणि चाळीसच्या दशकात लाकडी भिंतींच्या गोंडोला पुन्हा बांधाव्या लागल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरींच्या फळ्या काढून पत्रे बसवण्यात आले. पण तिरक्या पट्ट्या तशाच राहिल्या. पत्र्याच्या भिंतीवर तिरक्या पट्ट्या दिसल्या की तो युद्धकाळातला सांगाडा असावा, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

आता मॉडेल

जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याइतकं. मूळ एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. साडेबावन्न फुटी गोंडोला त्या मापात १८४ मिलिमीटर भरते. यापेक्षा लहान एन प्रमाण १:१६०, मोठं ओ प्रमाण अमेरिकेत १:४८.

पहिली अडचण भिंतीच्या जाडीची. खऱ्या वाघिणीचा पत्रा पाव इंचाचा धरला तर एचओ प्रमाणात तो ०.०७ मिलिमीटर व्हायला हवा. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची भिंत साधारण एक मिलिमीटर असते. तेच मिलिमीटर मूळ मापात नेलं तर पत्रा साडेतीन इंच जाड होतो, किल्ल्याच्या तटाला शोभेल असा. बंद डब्यात हे खपून जातं, इथे वरची कडा डोळ्यात खुपते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वरची कडाच आतल्या अंगाने तिरकी घासायची. नजर कडेवर जाते, तिथे ती पातळ दिसली की पुरे. हौशी लोक पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेल्या भिंती वापरतात, आणि ज्यांना यातलं काही करायचं नसतं ते काठोकाठ कोळसा भरतात! ही पळवाट आहे, पण चालते.

दुसरी अडचण वजनाची, आणि ही खरी डोकेदुखी. हलकी वाघीण लांब गाडीच्या मध्ये आली की वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते आणि रुळावरून उतरते. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा यासाठी एक ठोकताळा आहे. एचओमध्ये मूळ एक औंस, आणि वाघिणीच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपली गोंडोला सव्वासात इंचांची, म्हणजे साडेचार औंसांच्या थोडं वर, साधारण १३० ग्रॅम. बंद डब्यात पोलादाची पट्टी तळावर चिकटवली की काम झालं. गोंडोलेत ती ठेवणार कुठे?

तळाखाली, मधल्या तुळईच्या दोन्ही अंगांना जी पोकळी असते, तिथे शिशाच्या पातळ पट्ट्या किंवा टंगस्टनची लगदी बसवता येते. ब्रेकचे दांडे त्याआड जाता कामा नयेत. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, आणि घरात लहान मूल असेल तर टंगस्टनच बरं. दुसरा मार्ग उचलता येणाऱ्या मालाचा: फोमच्या तुकड्यावर कोळशाचा थर द्यायचा आणि वजन त्या तुकड्याच्या पोटात घालायचं. मात्र माल काढून रिकामी वाघीण चालवली की ती पुन्हा हलकी होते आणि नेमकी तेव्हाच घसरते. काही कंपन्या तळ धातूचाच ओततात. थोडे जास्त पैसे पडले तरी तेच घ्यावं, असं माझं मत.

आतली बाजू

बाहेरून गोंडोलेचा रंग काळा किंवा तांबूस तपकिरी, रेल्वेप्रमाणे बदलणारा. आत मात्र रंग टिकतच नाही. क्रेनचा जबडा तळावर आदळतो, चुंबकाने उचललेलं भंगार भिंतींवर कोसळतं, कोळशासोबत पाणी आत साचतं. सुरुवातीला रंग असला तरी तो पार खरवडला जातो आणि पत्रा उघडा पडतो.

नवशिके इथे हमखास एक गोष्ट करतात, सगळं आत नारिंगी रंगवून मोकळे होतात. गंजाचे खरे रंग वयाप्रमाणे बदलतात. ताजा ओरखडा आधी धातूसारखा चमकतो, मग तिथे नारिंगी गंज धरतो, आणि जुना गंज गडद चॉकलेटी, जवळजवळ जांभळट होतो. म्हणून सुरुवात गडद तपकिरीने करावी, वर स्पंजाच्या तुकड्याने दोन-तीन छटा अधूनमधून टेकवाव्यात, आणि नारिंगी अगदी शेवटी, फक्त कोपऱ्यांत आणि तळ भिंतीला मिळतो त्या रेषेत. भंगार वाहणाऱ्या वाघिणीत मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने भिंतीवर घासलं तर घासून गुळगुळीत झालेल्या पत्र्याची झाक येते. लाकडी तळ तपकिरी नसतो. उन्हापावसात पडलेलं लाकूड राखाडी होतं, म्हणून फिकट राखाडीवर काळसर पातळ रंग सोडायचा म्हणजे तो फळ्यांच्या फटींत बसतो.

मग पोचे. भंगार आणि क्रेन यांच्या माऱ्याने दोन उभ्या खांबांमधला पत्रा बाहेर फुगतो. प्लास्टिकमध्ये तसं करायला भिंत आतून घासून पातळ करावी लागते. मग गोल टोकाची सळई कोमट तापवून आतून हलकेच दाबायची. जास्त तापली तर प्लास्टिक वितळून आरपार भोक पडतं, म्हणून आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा. सगळेच पत्रे सारखे फुगवले तर ते नक्षीकाम वाटतं. एखादा जोरात, दोन थोडेसे, बाकीचे सरळ ठेवावेत.

मालाबाबत एक हिशेब ध्यानात ठेवावा. सहा इंचांचा कोळशाचा ढेकूळ एचओमध्ये पावणेदोन मिलिमीटरचा होतो. खरा कोळसा कुटून चाळला की हा आकार मिळतो, आणि खऱ्या कोळशासारखी चमक दुसऱ्या कशालाच येत नाही. तो फोमवर पसरून पाणी मिसळलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडायचा. गोंदात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर गोंदाचे मणी होऊन कोळशाची पूड नुसती वर तरंगते. खाणीत वाघीण नळीखालून पुढे सरकत सरकत भरली जाते, त्यामुळे कोळशाचा माथा सपाट नसतो, एकापाठोपाठ उंचवटे असतात. रिकामी ठेवायची असेल तर त्या सोडून दिलेल्या लाकडी ठोकळ्यांचं सोनं करा. आगपेटीच्या काडीचे तुकडे, तांब्याच्या तारेचं एखादं भेंडोळं, बस्स.

अंगावर लिहिलेली तारीख

अमेरिकन वाघिणीच्या बाजूवर तिची क्षमता, जास्तीत जास्त भार आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. रिकामं वजन महत्त्वाचं, कारण भरलेल्या वाघिणीच्या वजनातून तेच वजा करून मालाचं भाडं आकारतात. लाकडी वाघीण पावसात वजन धरते, दुरुस्तीत फळ्या बदलतात, म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा तोलत आणि नवं वजन, तोलण्याच्या ठिकाणाची खूण आणि महिना-वर्ष रंगवत. जुन्या मळकट रंगावर हा ताजा रंगाचा चौकोन उठून दिसे.

बाजारात मिळणाऱ्या मॉडेलवर बऱ्याचदा वाघीण बांधल्याची मूळ तारीखच छापलेली असते. १९५० सालचं पिट्सबर्ग उभं करायचं आणि वाघिणीवर १९२६चं वजन, हे जमत नाही. लहानसा चौकोन रंगवून त्यावर नवीन अक्षरांची डिकल (पातळ छापील चिकटपट्टी) लावणं हे तासाभराचं काम आहे, आणि वाघिणीत इतक्या स्वस्तात एवढा खरेपणा दुसऱ्या कशाने येत नाही.

काळाच्या अशा खुणा खालीही असतात. जुन्या के पद्धतीच्या ब्रेकची जागा १९३३पासून नव्या वाघिणींवर एबी ब्रेकने घेतली, आणि १९५३मध्ये एका रेल्वेवरून दुसऱ्या रेल्वेवर जाणाऱ्या वाघिणींना के ब्रेकची बंदी झाली. पट्ट्या जोडून केलेल्या जुन्या बोग्यांवर तशीच बंदी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला आली. हाताने धरायच्या कड्या आणि पायऱ्या कुठे असाव्यात हे १९११पासून सरकारी नियमांनी बांधलेलं होतं, म्हणून मॉडेलवर त्या मनाला येईल तिथे लावता येत नाहीत. तारेच्या कड्या लावणं कंटाळवाणं काम आहे, पण साच्यातल्या चपट्या कड्या काढून त्या लावल्या की वाघीण हलकीफुलकी दिसायला लागते.

आणि बॉक्सएन?

अमेरिकन गोंडोलेचे संच घ्यायचे तर परदेशातून मागवावे लागतात आणि कस्टम ड्युटी किमतीवर चढते. बॉक्सएनचं मॉडेल स्वतः बांधणं त्यामानाने आटोक्यातलं आहे. मूळ वाघीण पावणेअकरा मीटरच्या आसपास, एचओमध्ये १२३ मिलिमीटर. बाजूला खांब आणि खाली छोटी दारं, म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून होण्यासारखी. चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांवर या वाघिणी टिपलरमध्ये धरून उलट्या करतात, आणि त्याच्या खुणा भिंतींच्या वरच्या कडेवर दिसतात.

घोळ फक्त रुळांचा. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, एचओमध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. बाजारातले सगळे एचओ रूळ साडेसोळाचे, कारण ते अमेरिका-युरोपच्या १,४३५ मिलिमीटरच्या मापाने केलेले. भारतीय गाड्या करणारे बहुतेक जण साडेसोळावरच समाधान मानतात, आणि तेच शहाणपणाचं. रूळ, सांधे, बोग्या सगळं स्वतः बनवत बसलात तर वाघिणीपर्यंत पोहोचायला वर्षं जातील. लहान प्रमाणातली रेल्वे चालती बघायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. खऱ्या बॉक्सएनचा आतला भाग मात्र फलाटावरून दिसत नाही. पादचारी पुलावर उभं राहावं लागतं, आणि तेही वीज केंद्राकडून रिकामा रेक परतत असताना.